मांडवातली सहा पिंपं

"बुधाजी पाटलाच्या मांडवान दारूचा थेंब सोडा, वास जरी आला ना, तर त्याच मांडवान बसून ही मिशी उतरवीन!"

हे बुधाजी गावदेवीच्या देवळासमोर, माईकवर बोलला. बोलताना मिशीची दोन्ही टोकं धरून त्यानं ती सगळ्या सभेला दाखवली. मिशी होतीच दाखवण्यासारखी. पालेगावात बिल्डर आले, टॉवर आले, भाताची खाचरं जाऊन पार्किंग आलं, पण बुधाजीची मिशी जागची हलली नाही.

विषय हळदीचा होता. बाहेरच्यांना वाटतं हळद म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवसाचा बारका विधी. बुधाजीच्या भावकीत लग्नाला एखादा नाही आला तर चालतं, हळदीला नाही आला तर तीन पिढ्या बोलत नाहीत. आणि हळद म्हटली की बाटली आलीच. गेल्या वर्षी एका हळदीत नवऱ्याचा काका नाचता नाचता जनरेटरला मिठी मारून बसला. दुसऱ्या एका हळदीत नवरदेवच सापडेना. बेंजोवाल्यांच्या टेम्पोत ढोलाच्या मागे झोपलेला निघाला. तेव्हा भावकीच्या कमिटीचा अध्यक्ष म्हणून बुधाजीनं ठराव आणला: यापुढे हळदीत दारू बंद. आणि पहिली हळद कोणाची, तर त्याच्याच लेकीची, जिज्ञासाची.

टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त वेळ रामभाऊनं वाजवल्या. रामभाऊ दोनदा अध्यक्षपदाला उभा राहून दोनदा बुधाजीकडून पडलेला माणूस.

"ऐकलाव ना रं सगल्यांनी?" तो मागे वळून म्हणाला. "मिशी बोलला हां. मिशी."

हळदीच्या दिवशी सकाळी बुधाजी अंबरनाथच्या बाजारात हार-फुलं आणायला गेला होता. परत येताना रिक्षा गावात शिरली आणि त्याला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. लोक फार प्रेमानं बघत होते. चहावाल्यानं हात जोडले. ज्या पोरांनी ठराव झाल्यापासून त्याला ओळख दाखवायची बंद केली होती, ती गाडीवरून उतरून म्हणाली, "मानला अध्यक्ष! काळजी करू नका, आमी तोंड उघडनार नाय."

"कसला तोंड?" बुधाजीनं विचारलं.

"बरोबर! हेच बोलायचा सगल्यांना," असं म्हणून पोरानं डोळा मारला.

घरासमोर रिक्षा थांबली. मांडवाच्या उजव्या बाजूला, केळीच्या खुंटांच्या शेजारी, सहा लाकडी पिंपं ओळीनं उभी होती. गोल, पोट सुटलेली, लोखंडी कड्यांची. प्रत्येकावर इंग्रजीत हाताएवढ्या अक्षरांत 'वाईन' लिहिलेलं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याची गैरसोय नको म्हणून खाली द्राक्षांचा घड काढलेला.

पिंपांच्या मधे पाण्याचा पाईप घेऊन त्याचा मुलगा हरेश उभा होता.

"बाबा, टेन्शन नको घेऊ," हरेश म्हणाला. म्हणजे टेन्शनचं काम होतं.

हरेशचा उल्हासनगर कॅम्प चारला फर्निचरचा गाळा आहे. टाकाऊ वस्तूंना नवं आयुष्य द्यायचं हा त्याचा धंदा आणि याड. जुन्या दरवाजाचं टेबल, शिलाई मशीनचं बेसिन, कशाचं काय. नाशिककडच्या एका वाईनच्या कारखान्यानं जुनी पिंपं काढली, ती यानं उचलली. बदलापूरच्या एका हॉटेलवाल्याला उभं राहून खायची टेबलं हवी होती, सोमवारी द्यायची होती.

"मग हितं कशाला आनलीस? हळद हाय आज!"

"अरे ओक आहे बाबा, ओक! इम्पोर्टेड लाकूड. सुकलं की फळ्या आकसतात, कड्या निसटतात, खेल खतम. माझ्या गाळ्यावर पत्रा आहे, आत भट्टी नुसती. पाणी येतं दिवसाआड. इथे आपली विहीर आहे, मांडवाची सावली आहे. पाणी भरलं की लाकूड फुगतं, एकदम टाईट. म्हणून पंप लावला. पाच फुल झाली. सहावं जास्तच सुकलंय, त्यात पाणी थांबतच नाय. ते असंच ठेवलंय. त्याच्यावर फक्त कोणी बसू नका."

"गावातून आनलीस कशी?"

"टेम्पोनी."

"झाकून?"

हरेशनं पाईप या हातातून त्या हातात घेतला. "झाकली असती यार, पण उन्हात ताडपत्रीखाली अजून सुकली असती. आणि ड्रायव्हर नवीन होता. मी बाईकवर मागे राहिलो, त्यानं रस्ता विचारला."

"कुनाला?"

"रामभाऊकाकांना," हरेश म्हणाला. "बोलला, दारूची पिंपं उतरवायचीत, बुधाजी पाटलांचा बंगला कुठला?"

बुधाजी मांडवातल्या खुर्चीत बसला. खुर्ची नव्हती तिथे, हरेशनं वेळेत सरकवली.

तुळशी, त्याची बायको, हातातली हळद पदराला पुसत बाहेर आली. नवऱ्याचा चेहरा बघून ती परत आत गेली आणि एक छोटी शिशी घेऊन आली. तिला मधूनमधून धडधड व्हायची, त्यासाठी अंबरनाथच्या होमिओपॅथीवाल्या डॉक्टरनं ती दिली होती.

"पाच थेंब घ्या, कपभर पान्यान. मन शांत होतं."

"पान्याचा नाव काढू नको," बुधाजी म्हणाला आणि शिशी तोंडाला लावली. घशातून गरम रेघ छातीपर्यंत उतरली. जरा बरं वाटलं. शिशी त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकली.

मग तो कामाला लागला. पहिला विचार पिंपं घरामागे ढकलायचा. चार भाचे बोलावले. भरलेलं पिंप चार जणांनी ढकललं, ते तसूभर हललं नाही. एका भाच्याची पँट तेवढी फाटली. दुसरा विचार पिंपं रिकामी करायचा. हरेशनं खालचं बूच थोडंसं सैल केलं. धार आली. गुलाबी. सकाळपासून लाकडात मुरलेली वाईन पाण्यात उतरली होती, आणि रंगाच्या पुढे तिचा वास निघाला होता. ती गुलाबी धार उताराला लागली. आळीचा उतार थेट रामभाऊच्या ओट्याकडे जातो.

"बंद कर! बंद कर मेल्या!"

"बाबा, हे पाणीच आहे रे."

"मना म्हाईत हाय पानी हाय! तिकडं जाऊन ओरडून सांगू का?"

धार ओट्याच्या हातभर अलीकडे मातीत जिरली. बुधाजीनं त्यावर चपलेनं माती लोटली, मग आजूबाजूला बघत, फिरायला निघाल्यासारखा परत आला. शिशी काढली, एक घोट घेतला.

तिसरा विचार झाकायचा. तुळशीच्या साड्यांनी सहाही पिंपं गुंडाळली. त्यावर झेंडूच्या माळा सोडल्या. आता ती सहा बायका घुंगट घेऊन उभ्या असल्यासारखी दिसायला लागली आणि येणारा प्रत्येक जण साडी उचलून बघायला लागला. चौथा विचार बुधाजीला स्वतःला फार आवडला. त्यानं साड्या काढल्या, चुना कालवला आणि प्रत्येक पिंपावर ठळक लिहिलं: पाणी.

पहिला जो पाहुणा आला त्यानं ते वाचलं, बुधाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पानी! डोकां हाय अध्यक्ष, डोकां!"

संध्याकाळी बुधाजीच्या लक्षात आलं की माणसं जास्त आहेत. ठराव झाल्यापासून भावकीतले पुरुष म्हणत होते की हळदीला तोंड दाखवू आणि जेवून जाऊ. ते आता चार वाजल्यापासून येऊन बसले होते. बेलवलीहून आले, बारवी धरणाच्या अलीकडच्या पाड्यांतून आले, ज्यांना पत्रिका दिली नव्हती ते आले. प्रत्येकाच्या शर्टाच्या आत ग्लासच्या आकाराचं काहीतरी होतं. कोणी बायकांकडे बघत नव्हतं, नवरीकडे तर नव्हतंच. सगळे पिंपांकडे तोंड करून, सत्यनारायणाला बसल्यासारखे बसले होते.

"बाबा," जिज्ञासा पाटावरून म्हणाली. गालांना, हातांना हळद, डोक्याला मुंडावळ्या. "हळद माझी आहे ना? मग फोटोग्राफर सारखा पिंपांचे फोटो का काढतोय?"

"बाय, तू गप बस."

"माझ्या सासरचे उद्या काय बोलतील?"

"गप बस बोल्लो ना!" आणि लगेच त्याला वाईट वाटलं. एकुलती एक लेक, आयुष्यात एकदा पिवळी होणार, आणि बाप तिच्यावर खेकसतोय. त्यानं एक घोट घेतला.

मांडवाच्या एका कोपऱ्यात वेणूआजी धवले म्हणत होती. लग्नविधीची गाणी म्हणणारी ती धवलारीण, तीस-चाळीस वर्षं हेच करतेय. सकाळपासून गाऊन तिचा घसा कोरडा पडला होता. कोणाचं लक्ष नसताना ती उठली, सगळ्यात जवळच्या पिंपाचं झाकण सरकवलं आणि लोटा बुडवून गटागटा प्यायली. दोनशे माणसं आजीकडे बघत होती.

आजीनं ओठ पुसले. "काय सरबत केलाय गो तुलशी? साखर घालाया इसरलीस." आणि जागेवर जाऊन बसली. उठता-बसता तिचा तोल जरासा गेला. आजीला गुडघ्यांचा त्रास आहे, तिचा तोल वीस वर्षं जातोय. पण पुरुषांच्या बाजूनं हलकेच आवाज आला, "चढली!"

त्यानंतर बुधाजीला काहीच आवरता आलं नाही. शर्टांतून ग्लास निघाले. तो एका पिंपाकडे धावला की लोक दुसऱ्याकडे जात. दुसऱ्याकडे धावला की तिसऱ्याचं बूच निघे. "पानी हाय रं! आईशप्पत पानी हाय!" तो ओरडत होता, आणि लोक आदरानं "पानी, पानी" म्हणत ग्लास रिकामे करत होते.

आणि मग ती माणसं प्यायली. म्हणजे त्यांना चढली. बुधाजीनं हे डोळ्यांनी पाहिलं. तुळशीचा भाऊ पदाजी, नवरीचा मामा, एरवी बायकोसमोर आवाज न चढवणारा, मांडवाच्या खांबाला धरून रडायला लागला. "माजी बाय चालली! मना कुनी इचारला? मामाला कुनी इचारला?" दोन जण बेंजो वाजायच्या आधीच नाचायला लागले. एकानं दहा वर्षं न बोललेल्या सख्ख्या भावाला मिठी मारली. दुसऱ्यानं बोलणं चालू असलेल्या भावाची गचांडी धरली. एक बेलवलीचा पाहुणा जनरेटरकडे बघून प्रेमानं हसत होता.

विहिरीच्या पाण्यावर! बुधाजीला एक क्षण वाटलं, असेल का? फळीत राहिली असेल का खरंच? त्यानं हरेशला कोपऱ्यात ओढलं.

"खरा बोल. किती हाय त्यान?"

"काय किती? रंग आहे फक्त बाबा. चहाची पावडर दुसऱ्यांदा उकळल्यासारखं."

"मंग पदाजी का रडतो?"

"मामाला रडायचंच असेल."

तेवढ्यात रामभाऊ आला. धुतलेला पांढरा सदरा, मागे कमिटीचे तिघं, आणि त्यांच्याही मागे काखेत पेटी धरलेला न्हावी.

"याला कशाला आनलास?" बुधाजीनं विचारलं.

"नवरीच्या भावाची दाढी व्हायची नाय का?" रामभाऊ म्हणाला. "बाकी काय काम निघाला तर निघाला."

नाचणारे हवेत हात ठेवून थांबले.

"अध्यक्ष, हे काय हाय?"

"पानी."

"गुलाबी?"

"लाकडाचा रंग हाय."

"वास?"

"लाकडाचा वास हाय."

"मंग पी एक ग्लास," रामभाऊनं शांतपणे सांगितलं. "सगल्यांसमोर पी. पानीच तर हाय."

बुधाजीनं ग्लास हातात घेतला. प्यायला तर अध्यक्ष भर हळदीत पिंपातली प्यायला असं गाव म्हणणार. नाही प्यायला तर दारू होती म्हणून प्यायला नाही असं गाव म्हणणार. त्यानं ग्लास तोंडापर्यंत नेला, खाली आणला, परत नेला. या वर-खाली करण्यात अर्धा ग्लास मिशीवर आला. त्यानं ग्लास खाली ठेवला, खिशातली शिशी काढली आणि उरलेलं सगळं एका दमात संपवलं.

"धडधडीचा औशद हाय," तुळशी घाईघाईनं म्हणाली.

पदाजीचा मुलगा वरद तेव्हा पुढे झाला. वरद एका केमिकल कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. ड्युटीवरून थेट आलेला, युनिफॉर्मवरच.

"काका, वाद कशाला? शिफ्टला येणाऱ्याला आम्ही गेटवर मशीनमध्ये फुंकायला लावतो. प्यायला असेल तर लाल लाईट, टीं टीं वाजतं. माझ्या बॅगेतच आहे. लायनीत या सगळे."

बुधाजीला वरदच्या पाया पडावंसं वाटलं.

पहिला पदाजी आला, मुलाच्या खांद्यावर रडत. फुंकलं. हिरवा लाईट.

"झिरो," वरदनं जाहीर केलं.

पदाजीचं रडणं नळ बंद केल्यासारखं थांबलं. त्यानं नाक शिंकरलं, टोपी सारखी केली, आणि कोणाकडेही न बघता जेवणाच्या पंगतीत जाऊन बसला. मग नाचणारे आले. झिरो. झिरो. ज्यानं भावाला मिठी मारली होती त्यानं ती परत घेतली. गचांडी धरलेल्यानं भावाची कॉलर सरळ करून दिली. बेलवलीच्या पाहुण्याचा झिरो आल्यावर तो म्हणाला, "परत बघ, मना चांगलीच चढल्याली." परत झिरो. वेणूआजीनं फुंकायच्या ऐवजी त्यात एक ओळ गायली. तीही झिरो.

तासापूर्वी तर्र असलेली माणसं शर्टात ग्लास लपवत, मान खाली घालून उभी होती. बुधाजीच्या छातीत दिवसभरात पहिल्यांदा हवा गेली. त्यानं माईक मागितला. दिला नाही कोणी, पण त्याला लागतही नाही.

"बघलाव? माज्या मांडवान पानी! पानी म्हंजे पानी! पानी पिऊन नाचलाव, आनि माजी मिशी मागाया आलाव! कुनाला अजून शंका असल तर फुंका, माज्या आईच्यान, फुंका!"

"सगल्यांची झाली," रामभाऊ म्हणाला. "अध्यक्षांची व्हायचीय."

"आन हिकडं!" बुधाजीनं मशीन हिसकावून घेतलं आणि शंख फुंकावा तसं फुंकलं.

टीं टीं टीं टीं.

लाल लाईट बुधाजीच्या नाकावर पडला होता. वरदनं मशीन झटकलं. परत फुंकायला लावलं. या वेळी ते आधीपेक्षा मोठ्यानं वाजलं.

"काका... किती घेतली?"

"मी? मी तर आज पानीपन नाय पिलो!"

वरदनं बुधाजीच्या हातातली रिकामी शिशी घेतली, बूच काढून नाकाशी धरली, आणि त्याचं डोकंच मागे गेलं. "आत्या, हे काय आहे? हे तर नुसतं स्पिरिट आहे, पिंपांपेक्षा कडक!"

"मी पाच थेंब सांगतल्याले," तुळशी म्हणाली. "पान्यान घ्या सांगतल्याले."

बुधाजीनं सभोवार बघितलं. कोणी हसत नव्हतं, हे सगळ्यात वाईट होतं. दोनशे पाण्यावर नाचलेली माणसं, अख्ख्या मांडवात खरोखर प्यायलेल्या एकट्या माणसाकडे बघत होती. जिज्ञासा पाटावरून उठायला लागली, तिला वेणूआजीनं खाली बसवलं. हळदीची नवरी मधेच उठत नाही.

"मिशी बोल्लो मी," बुधाजी म्हणाला. "शब्द तो शब्द. ये रं."

"अध्यक्ष, औशद होता ना पन," रामभाऊ म्हणाला. त्यालाही आता कसंतरी व्हायला लागलं होतं. त्याला बुधाजीची खुर्ची हवी होती, मिशी नको होती. "र्‍हाऊ दे."

"वास आला तर उतरवीन बोल्लो. आला. बस विषय."

न्हाव्यानं पेटी उघडली, वस्तरा चामड्यावर घासला. पुरुषांनी वाट करून दिली. खुर्च्या सगळ्या पंगतीत गेल्या होत्या, म्हणून बुधाजी ओळीतल्या शेवटच्या, सहाव्या पिंपावर टेकला. मान वर केली, डोळे मिटले. न्हाव्यानं त्याच्या ओठावर फेस लावला आणि वस्तरा उचलला.

"बाबा, त्याच्यावर नको!" हरेश ओरडला.

एक कडी खाली सरकली, मग दुसरी. पिंपाच्या फळ्या चारी बाजूंना आडव्या झाल्या आणि बुधाजी मधल्या गोल तळावर जाऊन बसला. मिशीला काही झालं नाही. डावी भुवई गेली.